बर्फातल्या दोन मुली

डिसेंबर उजाडला की आमच्या ओळखीच्या साहित्यप्रेमी मंडळींना बर्फाचे वेध लागतात. ज्यांनी आयुष्यात फ्रिजबाहेरचा बर्फ पाहिलेला नाही त्यांनाही लागतात. कुणी एक चित्र पाठवते: खुरांपर्यंत बर्फात रुतलेला मेंढ्यांचा कळप, मागे उघडीबोडकी झाडे आणि त्यांच्या फांद्यांमधून झिरपणारे केशरी ऊन. दुसरे कुणी गवती छपराचे इंग्रजी घर पाठवते. खिडकीत दिवा, धुराड्यातून वर चढणारी धुराची रेघ. तिसरे कुणी सोबत एखादी छोटी इंग्रजी कथा जोडते, शेकोटीपाशी सांगितलेली, भुताची असली तरी उबदार. खाली ठरलेले उद्गार असतात. किती शांत होते ते दिवस. गेले ते जग. चित्रकाराचे नाव नसते, साल नसते, गाव नसते. कित्येकदा सहीचा कोपराच कापलेला असतो.

आम्ही मराठीचे अध्यापक. चाळिशी ओलांडलेले, शिक्षणात इंग्रजी कवितेचे आणि कादंबऱ्यांचे संस्कार घेतलेले. हा उद्योग आम्हीही वर्षानुवर्षे हौसेने केला आहे. त्यामुळे पुढील मजकूर वरच्या पायरीवरून केलेले प्रवचन समजू नये. पण आमचा आक्षेप स्पष्ट आहे आणि तो सौम्य करण्याची इच्छा नाही. जुन्या ब्रिटिश हिवाळ्याची जी चित्रे व कथा आज हातोहात फिरतात त्यांतून तो हिवाळा सोसणारी माणसे वगळलेली असतात. हे वगळण्याचे काम बहुतेक वेळा मूळ कलावंतांनी केलेले नाही. ते त्यांच्या चाहत्यांनी केले आहे, म्हणजे आपण केले आहे.

'नॉस्टॅल्जिया'ला मराठी समीक्षेने 'स्मरणरंजन' हा शब्द दिला. शब्द मोठा नेमका आहे, कारण त्यात स्मरण आणि रंजन ह्या दोन भिन्न व्यवहारांचा समास उघडपणे दिसतो. मूळ शब्द १६८८ साली बाझेल येथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घडवला, तेव्हा ते एका रोगाचे नाव होते. परमुलखात राहणाऱ्या स्विस माणसांना घराच्या ओढीने जडणारा तो आजार. त्या रोग्यांपाशी निदान एक घर होते. आम्हांला जडलेला आजार त्याहून विचित्र आहे: जे घर आपले कधीच नव्हते त्याची ओढ. आणि थोडे खोलात गेले की ध्यानात येते, की ते घर बहुतेक इंग्रजांचेही नव्हते.

*

पहिले व्यापारी नाताळ-कार्ड १८४३ सालचे. ते हेन्री कोलने जॉन कॅलकॉट हॉर्सली ह्या चित्रकाराकडून काढून घेतले. हा कोल तीन वर्षांपूर्वी, १८४० साली, सुरू झालेल्या पेनी पोस्टच्या उभारणीत सहभागी होता आणि पुढे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचा पहिला संचालक झाला. कार्डाच्या सुमारे हजार प्रती निघाल्या, किंमत एक शिलिंग. मधल्या चौकटीत एक मोठे कुटुंब पेले उंचावून शुभेच्छा देत आहे. त्यात लहान मुलाच्या ओठांशीही मद्याचा पेला असल्याने मद्यविरोधी मंडळी खवळली होती. आम्हांला महत्त्वाच्या वाटतात त्या दोन बाजूंच्या चौकटी. त्यांत भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देण्याची दृश्ये आहेत. बर्फ मात्र कुठेच नाही. म्हणजे पहिल्या कार्डावर गरीब होते आणि बर्फ नव्हता. आज आपण एकमेकांना पाठवतो त्या चित्रांत बर्फ आहे आणि गरीब नाहीत. ह्या अदलाबदलीचा इतिहास म्हणजेच आमचा विषय.

बर्फ आला कुठून? त्याच १८४३ सालच्या १९ डिसेंबरला चार्ल्स डिकन्सचे 'अ ख्रिसमस कॅरल' प्रसिद्ध झाले. डिकन्सचा जन्म १८१२चा. त्याच्या बालपणीचे दशक इंग्लंडमध्ये विलक्षण थंडीचे होते. टेम्स नदी गोठून तिच्या पात्रावर जत्रा भरण्याची अखेरची खेप १८१४च्या फेब्रुवारीतली. १८१५ साली इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पुढच्या वर्षी युरोपला उन्हाळाच लाभला नाही. ह्या लहानपणच्या हिवाळ्यांनी डिकन्सच्या कल्पनेतला नाताळ पांढरा केला, असे अनेक अभ्यासक मानतात. एरवी ब्रिटनच्या बहुतेक भागात डिसेंबरपेक्षा जानेवारी ते मार्च ह्या काळात बर्फ पडण्याची शक्यता अधिक. १७५२ साली पंचांग बदलून अकरा दिवस गाळले गेले तेव्हापासून नाताळ ऋतुमानाने आणखी अलीकडे आला आणि ती शक्यता आणखी घटली. तेव्हा आपण ज्याला 'जुना इंग्रजी नाताळ' म्हणून डोळे मिटून आठवतो तो पुष्कळसा एका लेखकाच्या बालपणातल्या असामान्य थंडीचा पडसाद आहे.

पण डिकन्सने ते पुस्तक बर्फासाठी लिहिले नव्हते. त्या वर्षी बालमजुरांच्या स्थितीवरील सरकारी आयोगाचा अहवाल वाचून तो अस्वस्थ झाला होता आणि गरिबांच्या मुलांची बाजू मांडणारी एक पत्रिका काढण्याच्या विचारात होता. ती बाजूला ठेवून त्याने ही कथा लिहिली. कथेतला कारकून बॉब क्रॅचिट आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवतो आणि मालकाच्या कचेरीत एका कोळशाच्या धगीवर बसतो. पुस्तकाची किंमत होती पाच शिलिंग. ज्याची ही कथा आहे त्याचा सबंध आठवड्याचा पगार ह्या पुस्तकाच्या तीन प्रतींत संपला असता. कथेत एका भुताच्या झग्याखालून दोन हडकुळी मुले बाहेर येतात. त्यांची नावे अज्ञान आणि अभाव. ह्या दोन मुलांचे चित्र डिसेंबरात कुणी कुणाला पाठवल्याचे आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

आणि खिडकीतल्या त्या उबदार उजेडाविषयी. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे ह्यांना कामाला लावण्यास ब्रिटिश संसदेने कायद्याने बंदी केली ती १८४२ साली, म्हणजे पहिल्या नाताळ-कार्डाच्या अवघे एक वर्ष आधी. तोवर त्या शेगडीतला कोळसा अशा हातांनीही वर आलेला असे. चित्र पाहताना हे आठवलेच पाहिजे असा आमचा हट्ट नाही. परंतु ज्याला आपण 'आठवणीं'चे चित्र म्हणतो त्यात हे कधीच आठवू नये, ह्याचे नवल वाटते.

*

आता त्या मेंढ्यांकडे वळू. अशी पुष्कळ चित्रे जोसेफ फार्करसन ह्या स्कॉटिश चित्रकाराची असतात. जन्म १८४६, मृत्यू १९३५. अ‍ॅबर्डीनशर परगण्यातल्या फिंगिन येथील जमीनदार घराण्यातला हा माणूस. १९१८ साली तो स्वतः त्या जमिनीचा धनी झाला. बर्फ आणि मेंढ्या ही त्याची कायमची सामग्री, इतकी की समकालीनांनी त्याला 'गोठलेल्या मटणाचा फार्करसन' असे टोपणनाव दिले होते. ऐन थंडीत बाहेर बसून रंगवता यावे म्हणून त्याने चाकांवरची एक खोली करवून घेतली होती आणि तिच्यात शेगडी बसवली होती. खऱ्या मेंढ्या एका जागी उभ्या राहत नाहीत, म्हणून हुबेहूब नकली मेंढ्याही बनवून घेतल्या होत्या असे सांगतात. ही थट्टा बाजूला ठेवून आम्ही म्हणू की चित्रकार म्हणून तो सामान्य नव्हता. बर्फावर पडणाऱ्या तिरप्या उन्हाचे रंग त्याने ज्या बारकाईने पाहिले तसे फार थोड्यांनी पाहिले असतील. वॉल्टर सिकर्टसारख्या चिकित्सक चित्रकारानेही त्याची बाजू घेतली होती.

त्याचे सर्वाधिक छापले गेलेले चित्र १९०३ सालचे. हिवाळ्याचा आखूड दिवस मावळत असल्याचे सांगणारे त्याचे शीर्षक रॉबर्ट बर्न्सच्या १७८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ कवितेतून घेतलेले आहे. मूळ कवितेत ह्या मावळत्या दिवसापाठोपाठ लगेच एक शेतमजूर येतो. आठवडाभराच्या कष्टाने थकलेला तो माणूस आपली फावडी-कुदळी गोळा करून घराकडे निघतो. बर्न्स स्वतः शेतकरी होता. दिवस मावळणे म्हणजे काय हे त्याला अंगमेहनतीने ठाऊक होते. आपल्या हाती फिरणाऱ्या चित्राखाली बर्न्सही नसतो आणि त्याचा मजूरही नसतो. फार्करसनच्याच १८८३ सालच्या दुसऱ्या एका चित्राचे नाव 'द जॉयलेस विंटर डे', म्हणजे आनंदहीन हिवाळी दिवस. चित्रकार आनंदहीन म्हणतो, आणि आपण खाली लिहितो 'किती आनंदी दिवस होते ते'.

१९०३चे ते चित्र आज लिव्हरपूलजवळच्या पोर्ट सनलाइट येथील लेडी लिव्हर कलादालनात आहे. हे दालन साबणाच्या कारखानदाराने, विल्यम लिव्हरने, १९२२ साली उभे केले. लिव्हरची चित्रखरेदी सुरू झाली तीच मुळी साबणाच्या जाहिरातींसाठी. त्याच्या साबणाला लागणारे पामतेल १९११ पासून बेल्जियन काँगोतल्या मळ्यांतूनही येऊ लागले, आणि तिथल्या सक्तीच्या मजुरीची कहाणी इतिहासकारांनी कागदपत्रांनिशी मांडली आहे. मुंबईच्या शिवडीत ह्याच कंपनीचा साबणाचा कारखाना १९३४ साली सुरू झाला, तेव्हा आपलाही ह्या कहाणीशी अगदीच संबंध नाही असे नाही. चित्रातला बर्फ शुभ्र आहे. तो विकत घेणाऱ्या पैशाचा रंग निराळा आहे. ह्यामुळे चित्र वाईट ठरत नाही. पण 'निरागस जुने जग' हे वर्णन तरी त्याला लागू पडत नाही.

*

हे सारे आम्हांला पूर्वीपासून माहीत होते असे नाही. त्याला एक विद्यार्थी कारण झाला.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकाचा हिवाळा विशेषांक काढताना आम्ही फार्करसनचे ते चित्र मधोमध लावले. अर्थातच नावाशिवाय. बघणाऱ्यांत दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. घर धनगराचे, दिवाळीनंतर त्याच्या घरचा वाडा मेंढरे घेऊन घाट उतरून कोकणात जातो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतो. बराच वेळ चित्र न्याहाळून त्याने विचारले, "सर, हे सगळं बर्फाखाली गेलंय. मग मेंढरांनी खायचं काय?"

आम्हां तिघा-चौघा अध्यापकांपैकी कुणालाही उत्तर देता आले नाही. पंचवीस वर्षे ज्या चित्रांवर जीव टाकला त्यांतल्या जनावरांच्या पोटाचा प्रश्न आमच्या मनात आला नव्हता. नकली मेंढ्यांना चारा लागत नाही आणि आम्ही सगळ्याच मेंढ्या नकली धरून चाललो होतो.

उत्तर शोधता शोधता आम्ही जॉर्ज क्लॉझनच्या 'विंटर वर्क' ह्या चित्रापाशी पोहोचलो. ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, काळ १८८३-८४. हर्टफर्डशरमधल्या चाइल्डविक ग्रीन येथे, सेंट ऑल्बन्सजवळ, त्याने ते रंगवले. राखी आभाळ, थिजलेले चिखलट शेत आणि त्यात वाकून काम करणारे एक कुटुंब. ते स्वीड नावाच्या सलगमासारख्या कंदांची शेंडे-मुळे छाटत आहेत. हे कंद कशासाठी? हिवाळ्यात मेंढ्यांना घालण्यासाठी. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर असे एका दुसऱ्या चित्रात, गारठलेल्या हातांत, तयार होते. टॉमस हार्डीच्या १८९१ सालच्या 'टेस' कादंबरीत नायिका फ्लिंटकोम-अ‍ॅशच्या माळावर हेच काम करते. ती कादंबरी आमच्यातल्या दोघांनी विद्यार्थिदशेत वाचली होती, त्यावर गुणही मिळवले होते. कंद तेवढे विसरले गेले.

क्लॉझनने ते चित्र १८८३ साली ग्रोव्हनर गॅलरीत मांडले तेव्हा कित्येकांना ते कुरूप वाटले. शेतावरच्या कष्टाचे असे निर्भीड चित्रण तो फ्रेंच चित्रकार बास्त्यँ-लपाजकडून शिकला होता. इंग्रज गिऱ्हाइकाला ते रुचेना. मग क्लॉझनने काय केले? उजव्या बाजूला त्याने मागाहून एक मुलगी रंगवली. शाळकरी वयाची, हातात खेळायचे गोल कडे घेतलेली. चित्र थोडे गोड व्हावे म्हणून.

ही मुलगी आम्हांला विसरता येत नाही. ती वाईट रंगवलेली नाही. पण ती त्या शेतात काम करत नाही. ती तिथे आहे ती चित्र पाहणाऱ्याच्या सोयीसाठी. बघा, एवढे काही वाईट नाही, मुले खेळत आहेत, असे आपल्याला सांगण्याचे काम तिला दिलेले आहे. क्लॉझनला आम्ही फार दोष देणार नाही. तरुण चित्रकाराला पोट असते. आणि मुलगी रंगवूनही त्याने वाकलेली माणसे पुसली नाहीत. त्याच्यानंतर आलेल्या रसिकांनी मात्र पुढचा टप्पा गाठला. त्यांनी कडेवाली मुलगी ठेवली, वाकलेली माणसे काढून टाकली आणि त्यांच्या जागी बर्फ पसरला. जुन्या ब्रिटनचे जे हिवाळी स्मरणरंजन आज चलनात आहे ते अशा कडेवाल्या मुलींनी भरलेले आहे.

*

चित्रांचे झाले तेच कथांचे. नाताळात शेकोटीपाशी भुताची कथा सांगण्याची ब्रिटिश रीत प्रसिद्ध आहे. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स नाताळच्या आदल्या रात्री मित्रांना स्वतःच्या कथा वाचून दाखवत असे. त्याचा पहिला संग्रह १९०४चा. आज ह्या रीतीचा केवढा गोडवा गायला जातो! वारा घोंघावतो आहे, हातात गरम पेय आहे, अंगावर सुखद काटा येतो आहे. भूतसुद्धा जणू पाहुणचारातला एक पदार्थ.

ह्या रीतीतली एक जुनी कथा घेऊ. एलिझाबेथ गॅस्केलची 'द ओल्ड नर्सेस स्टोरी' १८५२च्या डिसेंबरात डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' नियतकालिकाच्या नाताळ अंकात आली. अंकाची कल्पनाच शेकोटीभोवती सांगितलेल्या कथांची होती. नॉर्थम्बरलँडमधला एक जुना वाडा. एक अनाथ छोटी मुलगी आणि तिची दाई तिथे राहायला येतात. वाऱ्यापावसाच्या रात्री मोडक्या ऑर्गनचे सूर ऐकू येतात. बर्फ पडू लागल्यावर बाहेर एक लहान मुलगी दिसते. खिडकीच्या काचांवर ती हात आपटते, आत घ्या म्हणते, आणि त्या आपटण्याचा आवाज होत नाही.

पुढे कळते ते असे. वाड्याच्या दिवंगत मालकाच्या थोरल्या लेकीने एका परदेशी वादकाशी गुपचूप लग्न केले होते. धाकट्या बहिणीने मत्सरापोटी ते बापापाशी फोडले. बापाने नातीवर काठी उगारली आणि मायलेकींना बर्फात हाकलून दिले. मूल गारठून मेले. आईला वेड लागले. ती धाकटी बहीण आता म्हातारी होऊन त्याच घरात, त्याच शेकोटीपाशी बसलेली आहे. आणि एका रात्री सारे पुन्हा तिच्या डोळ्यांदेखत घडते. तिला स्वतःचे तरुण रूप दिसते, निर्विकारपणे पाहत उभे राहिलेले.

ह्या कथेत बर्फ नुसते वातावरण म्हणून आलेला नाही. बर्फ हे इथे गुन्ह्याचे साधन आहे आणि शेकोटी गुन्हेगाराच्या बाजूला आहे. जी ऊब आपण डिसेंबरात मिटक्या मारत वाटतो ती कुणाला तरी दाराबाहेर ठेवून मिळवलेली असू शकते, असे एक इंग्रज लेखिका इंग्रजांच्याच नाताळ अंकात सांगत होती. अंकाचा संपादक डिकन्स. त्याला शेवट खटकला. ती भुते फक्त छोट्या मुलीला दिसावीत, मोठ्यांना दिसू नयेत, अशी सूचना त्याने केली. कलेच्या दृष्टीने सूचना चतुर होती. गॅस्केलने ती मानली नाही. तिच्या कथेत शेवटी ते दृश्य घरातल्या सगळ्यांना दिसते. आम्ही ह्या नकाराचा अर्थ असा लावतो: घराण्याने केलेला अन्याय एका मुलीच्या मनाचा खेळ ठरू नये, खोलीत बसलेल्या प्रत्येकाला तो पाहावा लागावा.

तर अशा ह्या दोन मुली. एक कडेवाली, गिऱ्हाइकासाठी चित्रात आणलेली. दुसरी काचेवर हात आपटणारी, संपादकाने सुचवूनही लेखिकेने सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवलेली. दोघींना बाहेर काढणारा हिवाळा एकच. डिसेंबरात आपण एकमेकांना पहिली पाठवतो.

*

आमच्यावर तीन आक्षेप येतील. पहिला म्हणजे सुंदर चित्राचा आनंद घ्यायला काय हरकत आहे? काहीच नाही. आम्ही अजूनही फार्करसनच्या उन्हापुढे थांबतो. पण आनंद घेण्यासाठी सही कापावी लागत नाही. चित्राला नाव, साल आणि गाव दिल्याने त्यातला केशरी रंग फिका पडत नाही. ज्याला पडेल असे वाटते त्याने आपल्याला चित्र आवडले की गुंगी आवडली, हे तपासावे. आता तर यंत्राकडून हवी तशी बर्फाळ घरे काढून घेता येतात. त्यांना चित्रकार नाही, गाव नाही, हिवाळाही नाही. अशा चित्रांखालीही 'गेले ते दिवस' लिहिलेले आम्ही वाचले आहे. कुणाचे दिवस?

दुसरा आक्षेप देशीवाद्यांचा: परक्यांचा बर्फ हवाच कशाला, आपले धुके काय वाईट? आमचा युक्तिवाद असा मुळीच नाही. आपल्या मराठी ललित लेखनातले कोकणातले अंगण आणि माजघर ह्याच आजाराने पछाडलेले आहे. त्या अंगणाला सारवणारे हात आपण तितक्याच सफाईने गाळले आहेत. आणि आम्हांला इंग्रजी कलाकृती कमी नव्हे तर अधिक हव्या आहेत. क्लॉझन हवा, पुरती गॅस्केल हवी, बर्न्स त्याच्या मजुरासह हवा. आमची तक्रार इंग्रजांविरुद्ध नाही, त्यांच्या भक्तांविरुद्ध आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर. एवढ्याशा गोष्टीने काय बिघडते? आमच्यापुरते काय बिघडले ते सांगतो.

त्याच भित्तिपत्रकासाठी आम्ही कथास्पर्धा घेतली होती. पहिले बक्षीस एका बर्फाळ इंग्रजी खेड्यातल्या कथेला दिले. तिच्यात एकाकी आजी होती, खिडकीत मेणबत्ती होती, दूर चर्चची घंटा होती. लिहिणाऱ्या मुलीने जिल्ह्याची हद्दही फारशी ओलांडलेली नव्हती. हे सगळे तिने आम्हीच वाटलेल्या चित्रांतून आणि कथांतून वेचले होते. आम्ही तिच्या 'वातावरणनिर्मिती'ची स्तुती केली. मेंढरांच्या चाऱ्याचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचीही कथा होती. घाट उतरताना रात्री एक मेंढी विते, आई ते कोकरू घोंगड्यात गुंडाळते, आणि घोड्यावरच्या बिऱ्हाडासोबत बसवलेली धाकटी बहीण उतरून ते कोकरू आपल्या जागी ठेवायला सांगते. त्याला आम्ही तिसरा क्रमांक दिला. परीक्षकांचा शेरा आमच्याच हस्ताक्षरात आहे: "माहिती भरपूर, वातावरण कमी."

त्या मुलाने पुढे कथा लिहिली नाही. निदान आम्हांला दाखवली नाही. आमच्या शेऱ्यामुळेच असे झाले असा दावा आम्ही करत नाही. पण तो शेरा लिहिताना आमच्या डोळ्यांत कोणते वातावरण भरलेले होते हे आम्हांला माहीत आहे. ज्या हिवाळ्यातून माणसे काढलेली असतात त्याचीच सवय झाली, की माणसांचा हिवाळा 'माहिती' वाटू लागतो. एक संपूर्ण अभिरुची अशी घडते, आणि ती अभिरुची परीक्षक होऊन गुण देते.

येत्या डिसेंबरात कुणी आम्हांला मेंढ्यांचे ते चित्र पाठवले तर आम्ही त्यांना उत्तरादाखल क्लॉझनचे चित्र पाठवणार आहोत, चित्रकाराच्या नावासह, सालासह, आणि 'हा त्या मेंढ्यांचा चारा' एवढ्या एका ओळीसह. भित्तिपत्रकावरही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लागतील. त्यांच्याखाली तिसऱ्या क्रमांकाची ती कथा लावावी असे ठरले आहे. त्यासाठी त्या मुलाची परवानगी मागणारे पत्र लिहिले आहे, आणि पत्रात प्रथम तो शेरा मागे घेतला आहे.